लोरावॅन: अख्ख्या शहराला पुरणारं कमी विजेचं वायरलेस नेटवर्क

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत किती पाणी शिल्लक आहे? बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर आजही एकाच पद्धतीने मिळतं. वॉचमनकाका सकाळी लोखंडी झाकण उचलतात, आत बांबू घालतात आणि बांबू कुठपर्यंत भिजला ते पाहून सांगतात, "आज टँकर लागेल." उन्हाळ्यात हा अंदाज चुकला तर साठ घरांच्या नळांना पाणी नसतं, किंवा अर्ध्या भरलेल्या टाकीसाठी टँकरचे पैसे जातात.

इथे हवी असलेली माहिती किती आहे? फक्त एक आकडा. तोही पंधरा मिनिटांतून एकदा मिळाला तरी पुरे. पण तो आकडा टाकीतून मोबाइलवर आणायचा म्हटलं की अडचणी सुरू होतात. टाकीजवळ प्लग पॉइंट नाही. घरातलं वायफाय तिथपर्यंत पोहोचत नाही. ब्लूटूथचा आवाका त्याहून कमी. सिमकार्डवालं ४जी मॉड्यूल लावावं तर छोटी बॅटरी लवकर संपते आणि दर महिन्याचं रिचार्ज मागे लागतं.

पाण्याचे मीटर, रस्त्यावरचे दिवे, कचराकुंड्या, पार्किंगच्या जागा, पुलाखालची पाण्याची पातळी, हवेचं प्रदूषण या सगळ्या ठिकाणी हीच अडचण आहे. माहिती थोडीशी, अंतर लांब आणि वीज जवळपास नाही. अशा उपकरणांसाठी जी नेटवर्कं तयार झाली, त्यांना एलपीवॅन, म्हणजे कमी विजेवर चालणारी विस्तृत क्षेत्राची नेटवर्कं म्हणतात. त्यातल्या सर्वाधिक चर्चेतल्या लोरावॅनची ओळख या लेखात करून घेऊ आणि त्याच्या दोन स्पर्धकांकडेही एक नजर टाकू.

वेग सोडा, अंतर मिळवा

कोणत्याही वायरलेस तंत्रात वेग, अंतर आणि विजेची बचत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. वायफायला वेग मिळतो, पण घराबाहेर पडलं की सिग्नल संपतो. मोबाइल नेटवर्कला वेग आणि अंतर दोन्ही मिळतं, पण फोन रोज चार्ज करावा लागतो. एलपीवॅनने वेगावर पाणी सोडलं आणि त्या बदल्यात अंतर आणि बॅटरीचं आयुष्य पदरात पाडून घेतलं.

वेग किती सोडला? लोरावॅनचा वेग साधारण सेकंदाला २५० बिटपासून काही हजार बिटपर्यंत असतो. सर्वात कमी वेगावर व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटो पाठवायचा म्हटलं तरी तासावर वेळ लागेल. म्हणून फोटो, आवाज, व्हिडिओ यांचा विचार इथे करायचाच नाही.

अंतर किती मिळालं? दाट वस्तीच्या शहरात साधारण दोन ते पाच किलोमीटर, मोकळ्या माळरानावर दहा-पंधरा किलोमीटर. आणि मध्ये काहीच आडवं आलं नाही तर? २०१७ मध्ये हवामानाच्या फुग्याला बांधलेल्या एका लोरा उपकरणाचा संदेश ७०२ किलोमीटर दूर पकडला गेला, तोही २५ मिलिवॉट शक्तीवर. घरातल्या नाइट लॅम्पपेक्षाही ही शक्ती कितीतरी कमी आहे. अर्थात, आपल्या टाक्या फुग्याला बांधलेल्या नसतात. त्यामुळे जाहिरातीतल्या किलोमीटरांवर जाऊ नका. मधल्या भिंती मोजा.

लोरा काम कसं करतं?

जुन्या वाड्यांच्या भागात भाजीवाल्याची आरोळी ऐकली असेल. तो भराभर बोलत नाही. एकेक शब्द लांबवतो आणि सूर खालून वर चढवत नेतो. रस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी ती आरोळी चौथ्या मजल्यापर्यंत ओळखू येते. लोराचं तत्त्व जवळपास हेच आहे.

साध्या रेडिओमध्ये माहिती एका ठरावीक कंप्रतेभोवती पाठवतात. लोरामध्ये सिग्नलची कंप्रता एका पट्ट्यात (बहुतेक वेळा १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या) खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकत जाते. या सरकण्याला चर्प म्हणतात. चर्पची सुरुवात पट्ट्यात नेमकी कुठून झाली, यात माहिती दडवलेली असते. गोंगाटाला असा चढता सूर नसतो, म्हणून ऐकणाऱ्याला चर्प गोंगाटातून वेगळा काढता येतो. अगदी सावकाश पाठवलेला सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा शंभरपट क्षीण असला तरी तो वाचता येतो.

चर्प किती लांबवायचा, हे एका आकड्याने ठरतं. त्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात, थोडक्यात एसएफ. तो साधारण ७ ते १२ असतो. एसएफ एकाने वाढवला की चर्पचा कालावधी दुप्पट होतो. १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एसएफ ७ चा एक चर्प सुमारे १ मिलिसेकंदाचा, तर एसएफ १२ चा जवळपास ३३ मिलिसेकंदांचा असतो. चर्प जितका लांब, तितका तो दूरवर ऐकू येतो. पण हवेत तितकाच जास्त वेळ राहतो आणि बॅटरीही तितकीच जास्त खातो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच्यावरच उभा आहे.

हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिक्लिओ या छोट्या कंपनीत जन्मलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेक कंपनीने ती विकत घेतली. लोराच्या चिपचं मूळ पेटंट तेव्हापासून सेमटेककडे आहे.

लोरा आणि लोरावॅन: फरक काय?

ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण ती वेगळी आहेत. लोरा म्हणजे सिग्नल हवेतून पाठवण्याची पद्धत. लोरावॅन म्हणजे त्या पद्धतीवर उभं केलेलं नेटवर्क आणि त्याचे नियम: कोणी कधी बोलायचं, पत्ता कसा लिहायचा, कुलूप कसं लावायचं. हे नियम २०१५ मध्ये स्थापन झालेली लोरा अलायन्स ही संघटना ठरवते. ते कोणालाही वाचायला खुले आहेत. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही लोरावॅनला मानक म्हणून मान्यता दिली.

लोरावॅनमध्ये चार भाग असतात:

१. उपकरण: सेन्सर, छोटा मायक्रोकंट्रोलर, लोरा चिप आणि बॅटरी.

२. गेटवे: उंच इमारतीवर किंवा टॉवरवर बसवलेला डबा. नेहमीचा गेटवे एकाच वेळी आठ चॅनेलवर ऐकतो. ऐकलेलं तो इंटरनेटवरून पुढे ढकलतो. संदेशात काय लिहिलंय, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

३. नेटवर्क सर्व्हर: सगळ्या गेटवेंकडून आलेले संदेश इथे जमतात. एकच संदेश तीन गेटवेंनी ऐकला तर जास्तीच्या दोन प्रती इथे गाळल्या जातात.

४. ॲप्लिकेशन सर्व्हर: इथे संदेशाचा अर्थ लावला जातो. "टाकीत १४२ सेंटिमीटर पाणी" हे वाक्य तुमच्या मोबाइलवर इथून येतं.

मोबाइल नेटवर्कपेक्षा यात एक मोठा फरक आहे. मोबाइल एका वेळी एका टॉवरशी बांधलेला असतो. लोरावॅनचं उपकरण कोणत्याही एका गेटवेशी बांधलेलं नसतं. ते फक्त हाक मारतं, ज्याला ऐकू येईल तो ऐकतो. त्यामुळे एक गेटवे बंद पडला तरी शेजारचा तो संदेश झेलू शकतो.

बॅटरीचा हिशोब

"दहा वर्षं बॅटरी बदलावी लागणार नाही" हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं. ते खोटं नसतं, पण त्याला अटी असतात. चला, कागदावर करून पाहू.

समजा, उपकरण १० बाइटची माहिती पाठवतं. लोरावॅनचं स्वतःचं ओझं धरून ते २३ बाइट होतात. एवढा संदेश एसएफ ७ वर सुमारे ०.०६२ सेकंद हवेत राहतो, तर एसएफ १२ वर सुमारे १.४८ सेकंद. म्हणजे चोवीसपट जास्त. पाठवताना ४० मिलिअँपिअर आणि झोपेत ५ मायक्रोअँपिअर वीज लागते असं धरू. दर पंधरा मिनिटांनी एक संदेश, म्हणजे दिवसाला ९६ संदेश.

- एसएफ ७: पाठवण्यावर वर्षाला सुमारे २४ मिलिअँपिअर-तास, झोपेवर ४४. एकूण ६८.
- एसएफ १२: पाठवण्यावर वर्षाला सुमारे ५७७, झोपेवर तेच ४४. एकूण ६२१.

पेन्सिल सेलच्या आकाराच्या लिथियम बॅटरीत साधारण २४०० मिलिअँपिअर-तास असतात. पहिल्या उपकरणाला ती कागदोपत्री पस्तीस वर्षं पुरेल. प्रत्यक्षात बॅटरी आपोआपही झिजते, म्हणून दहा वर्षं म्हणणं रास्त आहे. दुसऱ्या उपकरणात तीच बॅटरी चार वर्षंही टिकणार नाही. शिवाय उत्तर ऐकण्याचा आणि खुद्द सेन्सरचा खर्च यात धरलेलाच नाही. आणि कोणी उत्साहाने एसएफ १२ वर दर मिनिटाला संदेश पाठवायचं ठरवलं, तर बॅटरी शंभर दिवसांत संपेल.

उपकरण तेच, बॅटरी तीच. फरक फक्त गेटवे किती लांब आहे याचा. म्हणून लोरावॅनमध्ये बॅटरीचं आयुष्य उपकरण बनवणाऱ्याच्या हातात जेवढं असतं, तितकंच शहरात किती गेटवे बसवले यावरही असतं. शहरभर हजारो मीटर बसवणाऱ्या महापालिकेने गेटवेंमध्ये काटकसर केली, तर ती रक्कम चौथ्या वर्षी बॅटऱ्या बदलणाऱ्या माणसांच्या मजुरीत जाईल.

यावर लोरावॅनमध्ये एक सोय आहे, तिचं नाव अडॅप्टिव्ह डेटा रेट. उपकरणाचे संदेश स्वच्छ ऐकू येत असतील तर नेटवर्क सर्व्हर त्याला सांगतो, "इतकं ओरडू नकोस, एसएफ कमी कर." जागचं न हलणाऱ्या उपकरणांसाठी ही सोय नेहमी सुरू ठेवावी. गाड्यांवर किंवा जनावरांच्या पट्ट्यात बसवलेल्या उपकरणांना मात्र ती मानवत नाही, कारण सर्व्हरचा सल्ला पोहोचेपर्यंत उपकरण भलतीकडेच गेलेलं असतं.

उपकरणाला उलट निरोप द्यायचा असेल तर?

बॅटरी वाचवायची तर उपकरणाने बहुतेक वेळ झोपून राहायला हवं. मग झोपलेल्याला निरोप कसा द्यायचा? यासाठी तीन वर्ग केले आहेत.

क्लास ए: उपकरण स्वतः संदेश पाठवतं आणि त्यानंतर दोनदा, साधारण एक आणि दोन सेकंदांनी, थोडा वेळ कान उघडतं. निरोप द्यायचा असेल तर तेव्हाच. नाहीतर पुढच्या संदेशापर्यंत थांबा. मीटर आणि टाकीच्या सेन्सरला हे पुरतं.

क्लास बी: गेटवे दर १२८ सेकंदांनी वेळेचा इशारा देतो. त्यावर घड्याळ जुळवून उपकरण ठरलेल्या क्षणी कान उघडतं. बॅटरीवरच्या पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी उपयोगी.

क्लास सी: उपकरण सतत ऐकत असतं. याला कायमची वीज लागते. रस्त्यावरचे दिवे याच वर्गात येतात, कारण खांबाला वीज असतेच.

खरेदी करताना वर्ग न पाहिल्यामुळे घोटाळा होतो. क्लास ए चा व्हॉल्व्ह घेतला आणि मोबाइलवरून "बंद" दाबलं, तर तो पुढच्या संदेशानंतरच बंद होईल. तोवर पाणी वाहून गेलेलं असेल.

सगळे एकदम बोलले तर?

लोरावॅनमध्ये उपकरणं नंबर लावून बोलत नाहीत. ज्याला जेव्हा बोलायचं तेव्हा तो बोलतो. या पद्धतीला अलोहा म्हणतात. हे नाव हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहानेट या वायरलेस नेटवर्कवरून आलं. पद्धत सोपी आणि वीज वाचवणारी आहे, पण गर्दी वाढली की संदेश एकमेकांवर आपटतात. शुद्ध अलोहामध्ये चॅनेलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. लोरामध्ये वेगवेगळ्या एसएफचे संदेश एकमेकांना फारसे अडवत नाहीत, म्हणून परिस्थिती थोडी बरी असते. पण काही संदेश हरवणार, हे गृहीत धरूनच रचना करावी लागते.

दुसरी अडचण गेटवेची. नेहमीचा गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. प्रत्येक उपकरणाने "मिळाला का संदेश?" अशी पोच मागितली तर गेटवे पोच देण्यातच गुंततो आणि बाकीच्यांचे संदेश बुडतात. पोच फक्त अत्यावश्यक संदेशांसाठीच मागा.

युरोपात यासाठी कायदाच आहे. तिथे नेहमीच्या लोरावॅन चॅनेलवर एका उपकरणाला फक्त १ टक्का वेळ, म्हणजे तासाला ३६ सेकंद बोलता येतं. आपल्या एसएफ १२ च्या संदेशाच्या हिशोबाने तासाला चोवीसच संदेश.

शहरभर नेटवर्क उभं कसं राहतं?

याची तीन वेगळी उदाहरणं पाहण्यासारखी आहेत.

पहिलं ॲमस्टरडॅमचं. २०१५ मध्ये द थिंग्ज नेटवर्क या गटाने दहा गेटवेंच्या जोरावर काही आठवड्यांत शहराचा बहुतेक भाग व्यापला. गेटवे बसवले ते तिथल्या लोकांनी आणि संस्थांनी, आपापल्या छपरावर. कालव्यांमध्ये नांगरलेल्या होड्यांत पाणी शिरलं तर मालकाला कळवणं, हा सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक. ही चळवळ नंतर जगभर पसरली. तिच्या सामायिक नेटवर्कवर आजही फुकट प्रयोग करता येतात. मात्र एका उपकरणाला दिवसाला हवेतला ३० सेकंदांचाच वेळ मिळतो. एसएफ ७ वर त्यात पावणेपाचशेच्या वर संदेश बसतात, एसएफ १२ वर जेमतेम वीस.

दुसरं उदाहरण कंपनीचं. नेदरलँड्सच्याच केपीएन या दूरसंचार कंपनीने २०१६ मध्ये संपूर्ण देशात लोरावॅन पोहोचवलं. असा तो पहिला देश ठरला. भारतात त्याच सुमारास टाटा कम्युनिकेशन्सने मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूपासून हे नेटवर्क उभारायला घेतलं. यात ग्राहक दर उपकरणामागे भाडं देतो आणि गेटवेची चिंता कंपनी करते.

तिसरं उदाहरण शहराच्या स्वतःच्या मालकीचं. कॅनडातल्या कॅल्गरी महापालिकेने स्वतःचंच लोरावॅन उभारलं. उंच इमारती, पाण्याच्या टाक्या आणि फायबर शहराकडे आधीपासूनच असतात, म्हणून गेटवेसाठी जागा शोधत फिरावं लागत नाही. आपल्याकडच्या महापालिकांनाही हे लागू पडतं.

स्पर्धक: सिगफॉक्स आणि एनबी-आयओटी

सिगफॉक्स हीसुद्धा फ्रान्सचीच. ती लोराच्या उलट दिशेने गेली. चर्प पसरवण्याऐवजी तिने सिग्नल फक्त १०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात बसवला. एका संदेशात १२ बाइट, दिवसाला जास्तीत जास्त १४० संदेश आणि उलट दिशेने दिवसाला फक्त चार. उपकरणं स्वस्त, पण नेटवर्क सिगफॉक्स आणि तिच्या भागीदारांचंच. तुम्हाला स्वतःचा गेटवे बसवता येत नाही.

एनबी-आयओटी हे मोबाइल कंपन्यांचं उत्तर. २०१६ मध्ये त्याचं मानक ठरलं. ते ४जीच्या पट्ट्यातल्या १८० किलोहर्ट्झच्या फटीत बसतं आणि परवाना घेतलेल्या लहरी वापरतं, त्यामुळे बाहेरच्यांची गर्दी नसते. टॉवर तयारच असतात. तळघरात सिग्नल पोहोचण्यात ते चांगलं आहे आणि प्रत्येक संदेशाची पोच मिळते. पण सिमकार्ड लागतं, बोलताना वीज जास्त लागते आणि तुमच्या गावात ते आहे की नाही, हे मोबाइल कंपनी ठरवते.

थोडक्यात: उपकरणं विखुरलेली, संख्या कमी आणि मोबाइल टॉवर जवळ असेल तर एनबी-आयओटी. एकाच शहरात, कारखान्यात किंवा शेतात शेकडो उपकरणं असतील आणि नेटवर्क आपल्या हातात हवं असेल तर लोरावॅन.

नेटवर्कच बंद पडलं तर?

हा प्रश्न कोटेशन मागवताना सहसा विचारला जात नाही, आणि तोच सर्वात महागात पडतो. बॅटरी दहा वर्षांची आहे, पण नेटवर्क चालवणारी कंपनी दहा वर्षं टिकेल का?

सिगफॉक्सने जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझने ती विकत घेतली म्हणून नेटवर्क वाचलं. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने २०१९ मध्ये सुरू केलेली एनबी-आयओटी सेवा मार्च २०२० अखेर, म्हणजे वर्षभरातच बंद केली. अशा वेळी उपकरण जिवंत असतं, बॅटरी भरलेली असते, पण त्याचं ऐकणारं कोणी नसतं.

लोरावॅनची खरी जमेची बाजू इथे दिसते. सेवा देणारी कंपनी गेली तरी नियम खुले आहेत. दुसरा गेटवे बसवून उपकरणं पुन्हा जोडता येतात. अट एकच: उपकरणांच्या चाव्या, म्हणजे त्यांचे गुप्त क्रमांक तुमच्याकडे हवेत. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या की सर्व उपकरणांच्या चाव्या खरेदीदाराच्या ताब्यात दिल्या जातील. ही एक ओळ विसरली तर खुलं तंत्रज्ञानही बंद तिजोरी होऊन बसतं.

कुलूप आणि चाव्या

लोरावॅनमध्ये प्रत्येक संदेश १२८ बिटच्या एईएस पद्धतीने कुलूपबंद असतो. त्यासाठी दोन वेगळ्या चाव्या असतात: एक नेटवर्कसाठी, संदेश खरा आहे का हे तपासायला, दुसरी ॲप्लिकेशनसाठी, मजकूर वाचायला. दोन चाव्या वेगळ्या हातांत ठेवल्या तर नेटवर्क चालवणाऱ्यालाही तुमची माहिती वाचता येत नाही.

कुलूप भक्कम आहे. चूक होते ती चावी दारावरच टांगून ठेवण्यात. उपकरणावरच्या स्टिकरवर किंवा क्यूआर कोडमध्ये चावी छापलेली असते आणि तसंच ते उपकरण खांबावर चढतं. कधी सगळ्या उपकरणांना एकच चावी दिलेली असते. स्टिकर काढा, प्रत्येक उपकरणाला वेगळी चावी द्या आणि नेटवर्कमध्ये सामील होताना दर वेळी नव्या चाव्या तयार करणारी ओटीएए पद्धतच वापरा. पाण्याच्या मीटरचे आकडे क्षुल्लक वाटतात, पण कोणतं घर आठवडाभर बंद आहे हे त्याच आकड्यांवरून कळतं.

भारतात करायचं असेल तर

आपल्याकडे लोरावॅनसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. प्रक्षेपण शक्तीची कमाल मर्यादा १ वॅट आहे. लोरावॅनची भारतातली तीन ठरलेली चॅनेल आहेत: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. परवाना नको म्हणजे काहीच नको असं नाही. उपकरणाला मान्यता घ्यावी लागते आणि इतरांना सेवा विकायची असेल तर दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते.

ऑनलाइन खरेदीत ४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल स्वस्तात दिसतात. ती आपल्या पट्ट्यासाठी नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अँटेनाही ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचीच हवी. या लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर, म्हणून साधी पाव लहरीची तार ८.६ सेंटिमीटरच्या आसपास येते. आणि अँटेना न लावता मॉड्यूल कधीही सुरू करू नका, चिप जळू शकते.

संदेश लहान ठेवा. टाकीची पातळी सेंटिमीटरमध्ये दोन बाइटमध्ये बसते, बॅटरीची स्थिती एका बाइटमध्ये. तीच माहिती वेबवाल्या सवयीने जेसन मजकुरात पाठवली तर पंचवीस-तीस बाइट लागतात.

आमच्या टाकीने शिकवलेलं

सुरुवातीला टाकीचं उदाहरण घेतलं ते उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने आमच्याच सोसायटीच्या टाकीत असा सेन्सर बसवला. गच्चीवर गेटवे, खाली टाकीत उपकरण, दर दोन मिनिटांनी संदेश. झाकण उघडं ठेवून चाचणी घेतली, सगळं छान चाललं. मग वॉचमनकाकांनी लोखंडी झाकण लावलं.

लोखंडाने सिग्नल अडवला, उपकरण एसएफ १२ वर गेलं. तरीही संदेश येत होते, म्हणून आम्ही खुशीत होतो. साडेपाच महिन्यांत बॅटरी संपली. ती संपली, हेही आम्हाला कळलं नाही, कारण ॲप शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहिलं: टाकी पाऊण भरलेली. एप्रिल महिना होता. शनिवारी सकाळी नळ कोरडे पडले तेव्हा टाकी तळाला गेली होती आणि टँकर दुपारशिवाय मिळत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मला एवढंच म्हणाल्या, "बाळा, बांबू बरा होता रे."

त्यानंतर तीन बदल केले. अँटेना वायरने झाकणाबाहेर, भिंतीवर आणली. संदेश दर पंधरा मिनिटांवर नेला. आणि तिसरा, सर्वात महत्त्वाचा: एक तास संदेश आला नाही तर ॲपवर आकडा दिसणंच बंद होतं. त्या जागी लाल अक्षरात "माहिती नाही, टाकी पाहून या" असं येतं.

पुलाखाली पाणी साचल्याचा इशारा असो की गॅस गळतीचा, हेच लागू आहे. कमी विजेच्या नेटवर्कमध्ये संदेश हरवणारच. उपकरण गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असा कधीच घेऊ नका. जिथे एक संदेश हरवला तर जीव जाऊ शकतो, तिथे एकट्या लोरावॅनवर विसंबू नका. तारेची किंवा दुसऱ्या नेटवर्कची जोड द्या.

आमचा सेन्सर आता दीड वर्ष त्याच बॅटरीवर चालू आहे. बांबू मात्र आम्ही टाकला नाही. तो अजून पंपाच्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे आणि महिन्यातून एकदा काका त्याने आकडा पडताळून पाहतात.